स्टेनलेस पाईप आणि शिवानीची झोप

"चालत्या गाडीला अन् झोपलेल्या लेकराला हात लावू नये, राजेश्वरी," असं सासूबाई म्हणाल्या होत्या. मी हसण्यावारी नेलं. अहो, बी.एस्सी. केमिस्ट्री आहे मी! गाडीच्या धुराचा पाईप निवडायला मला म्हणी कशाला हव्यात?

आमची जुनी गाडी सुरू झाली की निम्म्या धाराशिवला कळायचं. पाईप गंजून जागोजागी फुटलेला. आमची आठ महिन्यांची शिवानी घरी पाळण्यात टक्क जागी. पण गाडी रस्त्याला लागली की मान पडलीच!

"अहो, हिला धूर चढतोय!"

"डॉक्टर म्हणाले ना, ठणठणीत आहे?" हे म्हणाले.

"डॉक्टरांनी गाडीखाली वाकून पाहिलंय का?"

झालं! नवा पाईप बनवून घ्यायचा, तोही माझ्या पसंतीचा. गॅरेजात सादिकभाईंनी तीन तऱ्हेचे तुकडे मांडले. साधं लोखंड? पुन्हा गंजणार. जस्ताचा मुलामा? जोडताना जस्ताचाच धूर. स्टेनलेस? पण त्यातही भानगड! सादिकभाईंनी चुंबक लावलं, तर एका तुकड्याला चिकटलं, दुसऱ्याला नाही.

"असं का हो?"

"ज्याला चिकटत न्हाय, त्याच्यात निकल हाय, वहिनी. ह्यो लई टिकतो."

मला कुठला दम निघतोय! फ्रिजवरचं चुंबक घेऊन मी घरभर फिरले. ताट, वाटी, डाव, झारा... सासूबाईंच्या रुखवतातल्या डब्याला मात्र ते घोरपडीसारखं बसलं!

"म्हणजे हा हलका!" मी हरखून ओरडले.

"माझ्या माहेरच्या डब्याला हलका म्हंतीस?"

त्यांनी माझ्या हातचा चहा बंद केला.

पाईप बसला. चुंबकाला दाद न देणारा, वर मोठा सायलेन्सर. गाडी अशी चालली की मांजरानं लाजावं! सासूबाईंचा रुसवा काढायला आम्ही येरमाळ्याला, येडाईच्या दर्शनाला निघालो. शिवानीचे डोळे टक्क! मग ओठ बाहेर आला. मग जो भोंगा सुटला, तो थेट देवळाच्या पायरीपर्यंत! जुना पाईप परवडला!

"धूर न्हाय गं, त्या धडधडीवर झोपायचं लेकरू," सासूबाई म्हणाल्या. "म्या तेच सांगितलं व्हतं."

"मग सरळ सांगायचं ना, आई!"

"हलक्या डब्यावालीचं कोण ऐकतंय?"

जुना पाईप तोवर भंगारात गेलेला. आता रोज दुपारी हे शिवानीला घेऊन कळंब रस्त्यावर सादिकभाईंच्या गॅरेजासमोरच्या कडुलिंबाखाली गाडी लावतात. लोकांच्या फुटक्या गाड्या धडधडतात अन् आमची लेक झोपते.

पण आज दोन तास झाले, हे फोन उचलत नाहीत! तुम्ही कळंब रस्त्यानं जाणार असाल तर लिंबाखाली जरा डोकावता का? शिवानी झोपली असेल तर हळूच पुढं व्हा. आणि जागी असेल, अन् हे घोरत असतील, तर ह्यांना गदागदा हलवा. झोपायला मी ह्यांना पाठवलेलं नाही!