तापातली आकडी आणि साळिंदराची सुई

एका जंगलात, बाळांनो, सगळ्यांनाच डॉक्टरकी कळत होती. अस्वल तेवढं रीतसर शिकून डॉक्टर झालं होतं, त्यामुळे त्याचं कोणी ऐकत नसे.

तिथे रखमा माकडीण राहायची. तिचा गोटू नुकताच चालायला लागला होता. एकदा त्याला सणकून ताप भरला आणि आकडी आली. डोळे फिरले, हातपाय उडायला लागले.

"चप्पल हुंगवा, चप्पल!" आत्या किंचाळली.

जंगलात चप्पल कोण घालतं? पायात काहीतरी असणारा एकच, घोडा. त्याला पळवत आणला आणि नालासकट पाय गोटूच्या नाकाशी धरला. तोवर आकडी आपोआप थांबली होती. घोडा मात्र तेव्हापासून स्वतःला तज्ज्ञ समजतो.

मग सगळी वरात अस्वलाकडे गेली. अस्वलानं गोटूची मान वाकवून पाहिली, घसा पाहिला. गोटूनं त्याचा कान ओढला.

"घसा सुजलाय, त्याचा ताप. तापामुळे आकडी," अस्वल म्हणालं. "मान सैल आहे, म्हणजे मेंदूज्वर नाही. पोरगं खेळतंय. तपासण्या नकोत. पुन्हा आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही कोंबू नका आणि लगेच घेऊन या."

नातेवाइकांची घोर निराशा झाली.

"एवढी मोठी आकडी आणि एकही तपासणी नाही?" मामा कडाडला. "सुतारपक्ष्याकडून डोकं ठोकून घ्या! घुबडाला मेंदूत बघायला लावा! साळिंदराकडून पाठीतलं पाणी काढा! भाच्यासाठी आम्ही काही कमी पडू देणार नाही!"

साळिंदर काटे फुलवून तयारच होतं. गोटू आईला घट्ट चिकटला.

"अरे दादा, केवढीशी पाठ आहे त्याची!" रखमा रडायला लागली.

अस्वलानं डोकं खाजवलं. "ठीक आहे. पण ही तापातली आकडी पुष्कळदा घराण्यात असते. तेव्हा आधी मामांची पाठ बघू. मग आत्याबाईंची."

साळिंदर मामाकडे वळलं.

मामानं त्या दिवसात पहिल्यांदाच गोटूकडे नीट पाहिलं.

"काय गं रखमा," तो उंच फांदीवरून म्हणाला, "पोरगं ठणठणीत आहे की! डॉक्टरांचं ऐकावं जरा."

आत्या त्याच्याही वरच्या फांदीवर होती. रखमानं डोळे पुसले, गोटूला तापाचं औषध पाजलं आणि छातीशी धरून घरी नेलं.

तात्पर्य: लहान मुलाच्या पाठीत सुई घालायची की नाही, हे खुशाल नातेवाइकांनीच ठरवावे. फक्त ठरवताना पाठ त्यांची असावी.