लाल बाण आणि बारा सह्या

लेकीने केलेलं पोस्टर खुणासरांनी उलटं करून टेबलावर ठेवलं आणि जाहीर केलं, "उद्या दुपारी बाराच्या आत बारा सह्या आणून दाखवतो. एकही अक्षर न लिहिता."

"बाबा, यात सगळं लिहिलंय," लेक म्हणाली. "विषय, वार, वेळ, फी नाही. लोक वाचतील आणि येतील."

"वाचतील आणि पुढे जातील. माणूस वाचून हलत नाही, खुणेने हलतो. मग मी आयुष्यभर शिकवलं काय?"

"तुम्ही आयुष्यभर काय शिकवलंत ते मला तोंडपाठ आहे," बायको म्हणाली. "बारा माणसं आली नाहीत तर पुन्हा मला शिकवायला बसू नका, म्हणजे झालं."

टोमणा वर्मी लागला, कारण तो खरा होता. सव्वीस वर्षं कॉलेजात खुणासर एकच विषय शिकवत होते: खुणांना अर्थ येतो कुठून. मान हलवली की होकार, दिवा लाल झाला की थांबा, हे कोणी ठरवलं आणि आपण ते का मानतो. मग ते निवृत्त झाले. शिकवायची खाज काही निवृत्त झाली नाही. पहिल्या महिन्यात त्यांनी घरच्यांना शिकवलं, दुसऱ्या महिन्यात शेजाऱ्यांना. हल्ली दूधवाला पिशवी दाराशी टेकवून, घंटा दाबून पळत सुटायचा. सरांना वर्गाची फार आठवण यायची. समोर बाकं आणि बाकांवर माणसं, एवढंच त्यांना हवं होतं.

सरकारी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर वाचनालय होतं. तिथल्या ग्रंथपालबाईंनी सरांच्या मोफत वर्गासाठी बारा नंबरची खोली द्यायचं कबूल केलं होतं, पण अट घालून. गुरुवारी दुपारी बारापर्यंत बारा सह्या, नाहीतर खोली टायपिंगच्या क्लासला.

गुरुवारी सकाळी सर कामाला लागले. चिकटकागदाचे बावीस लाल बाण त्यांनी स्वतः कापले होते. पहिला फाटकाशी, मग भिंतीवरून, मग जिन्याच्या कठड्याकठड्याने थेट बारा नंबरपर्यंत. खोलीबाहेर टेबल, टेबलावर रेघा मारलेला कागद, नुसते आकडे घातलेला, आणि शेजारी दोऱ्याने बांधलेलं पेन. सुटं पेन माणूस खिशात घालतो, बांधलेलं दिसलं की सही करतो, हा त्यांचा जुना सिद्धांत. आपण तिथे उभं राहणं म्हणजे खुणांवर अविश्वास दाखवणं, असं म्हणून ते कोपऱ्यावर चहा प्यायला गेले आणि दीड तास आरामात पेपर वाचत बसले.

आता एक गोष्ट सरांना ठाऊक नव्हती. त्या इमारतीच्या तळमजल्यावर दाखल्यांची खिडकी होती. रोज सकाळी तिथे ही गर्दी. नेमकं आज आतलं यंत्र बिघडलं आणि खिडकीचं शटर खाली आलं. त्यावर कोणी काही लिहायची तसदी घेतली नाही. दाखल्यासाठी आलेल्या लोकांना बंद शटर दिसलं आणि शटरशेजारी ताजा, लालभडक बाण. पुढे आणखी एक. सरकारी इमारतीत याचा अर्थ कोणाला शिकवावा लागत नाही.

अकरा वाजता सर परत आले तेव्हा रांग जिना उतरून, अंगण ओलांडून फाटकापर्यंत आली होती.

खुणासर कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि त्यांनी रांग वाचायला घेतली. हातात फायली, कपाळावर आठ्या, दर मिनिटाला घड्याळाकडे नजर, म्हणजे दाखल्याची रांग. खालची खिडकी बंद, म्हणजे कचेरी वर हलली. वर रिकामी खोली एकच, तीही माझी. म्हणजे ग्रंथपालबाईंनी माझी खोली परस्पर देऊन टाकली आणि वर माझेच बाण वापरताहेत. सव्वीस वर्षांचा अनुभव पणाला लावून काढलेला हा निष्कर्ष होता आणि तो साफ चुकला होता.

त्यांनी बाईंना फोन लावला. बाई बारापर्यंत मीटिंगमध्ये होत्या. मग ते तरातरा जिन्याकडे निघाले.

"ओ साहेब, रांग आहे," जिन्याच्या पायथ्याशी वॉचमन आडवा आला.

"मला रांगेचं काम नाही. मी वर शिकवतो."

"सकाळपासून तीन मास्तर आणि एक डॉक्टर येऊन गेले असेच. मागे जा."

सर मागे गेले. पुढे मोठी पर्स घेतलेल्या एक काकू होत्या. मिनिटभरात मागे एक टेम्पोवाला येऊन उभा राहिला.

"तुमचा कसला दाखला?" काकूंनी विचारलं.

"माझा दाखला नाही. मला फक्त वर जायचंय."

"सगळ्यांनाच वर जायचंय," काकू शांतपणे म्हणाल्या.

वीस मिनिटांनी वॉचमन रांग तपासत आला. ओळखपत्राच्या दोन झेरॉक्स नसतील त्याने बाहेर व्हायचं, असा त्याचा हुकूम होता.

"कोणी सांगितलं दोन लागतात म्हणून?" सर म्हणाले.

"कोणी कशाला सांगायला हवं? सगळ्यांच्या हातात आहेत की."

इथे खरं तर सरांनी हसायला हवं होतं. अर्थ कसा तयार होतो याचा इतका ढळढळीत नमुना त्यांना वर्गात कधी मिळाला नव्हता. पण सर घाबरले. खांद्यावरची पिशवी पायरीवर ठेवून ते धावत झेरॉक्सच्या दुकानात गेले आणि दोनऐवजी तीन प्रती काढून आले. एक जास्तीची, असू द्यावी म्हणून.

परत येऊन बघतात तर पिशवी सहा पायऱ्या वर पोचलेली. काकूंनी ती इमानेइतबारे सरकवत नेली होती. ते पाहून सरांच्या अंगात मास्तर संचारला.

"बघा, ही पिशवी," ते म्हणाले. "ही म्हणजे मी नाही. ही माझ्यासारखी दिसतसुद्धा नाही."

"थोडीफार दिसते," टेम्पोवाला म्हणाला.

"पण ही इथे होती तोवर तुम्ही मला रांगेत धरलंत. माणूस झेरॉक्सच्या दुकानात आणि त्याचा नंबर जिन्यात. ही झाली खूण. आता या ओळखपत्रावरचा फोटो. तो चालतो कारण तो माझ्यासारखा दिसतो. कोपऱ्यावर मघाशी दूध करपल्याचा वास आला. दूध कोणी पाहिलं नाही, पण वास त्याला चिकटूनच येतो. आणि हा बाण. हा कशासारखा दिसत नाही, कशाला चिकटून येत नाही. हा आपण सगळ्यांनी मानला म्हणून चालतो."

"म्हणजे सगळ्यांनी उलटं मानलं तर हाच बाण खाली जा म्हणेल?"

"अगदी तसंच."

टेम्पोवाल्याने बाणाकडे जरा संशयाने पाहिलं. वरच्या पायरीवरची माणसंही वळून ऐकायला लागली होती.

"मग माझ्या जावेचं सांगा," काकू म्हणाल्या. "पूर्वी फोनवर चार ओळी लिहायची. आता नुसता अंगठा पाठवते. याचा अर्थ काय घ्यायचा?"

"तुमचा मुलगाही अंगठा पाठवतो?"

"तो कायमच पाठवतो. त्याचं काही नाही. तो 'हो' असतो."

"तोच अंगठा, तेवढाच, त्याच रंगाचा. मुलाने पाठवला तर होकार आणि जावेने पाठवला तर अबोला. कारण जाऊ चार ओळी लिहू शकते आणि लिहीत नाही. जे पाठवलं नाही, त्यानेही अर्थ होतो."

मग सगळेच बोलायला लागले. एकाचा साहेब हल्ली केबिनचं दार लावून घेत होता, एकीची सासू चहाचा कप जरा जास्तच जोरात ठेवत होती. अंगठ्यावरून तर कठड्याकडचे आणि भिंतीकडचे असे दोन पक्ष पडले. रांग पुढे सरकली तरी कोणी सरकेना, वॉचमनला त्यांना पुढे हाकावं लागलं. खुणासर एकेक पायरी चढत शिकवत होते आणि मधेच हातवारे करताना त्यांच्या झेरॉक्स खाली पडत होत्या. ते इतके खूश होते की खोली गेल्याचं दुःख दुसऱ्या मजल्यापर्यंत त्यांना आठवलंसुद्धा नाही.

पुढची मंडळी अंगठ्याच्या वादात अडकल्यामुळे बाराला पाच कमी असताना तेच आधी टेबलापाशी पोचले. टेबल त्यांचं होतं. कागद त्यांचा होता. पेनाला गाठ त्यांच्या हातची होती. कागद दोन्ही बाजूंनी भरला होता, शेजारी झेरॉक्सचा ढीग होता आणि आत, सही केलेली सगळी माणसं नाव पुकारायची वाट बघत बाकांवर ओळीने बसली होती.

आपण पाऊण तास स्वतःच्याच वर्गाच्या रांगेत उभे होतो, हे सरांना कळलं.

तेवढ्यात मीटिंग संपवून ग्रंथपालबाई आल्या. त्यांनी सह्या मोजल्या, पुन्हा मोजल्या. "सर, मी बारा मागितल्या होत्या. तुम्ही चौसष्ट आणल्यात. शनिवारपासून खोली तुमची."

फक्त गप्प बसायचं होतं. सरांनी बाकं पाहिली, बाकांवरची माणसं पाहिली आणि ते खरंच गप्प बसले. पुरतं अर्धं मिनिट.

"आता दाखले कधी मिळणार?" काकूंनी विचारलं.

सरांना खोटं बोलता येईना. त्यांनी सगळं सांगितलं: खिडकी खाली आहे, बंद आहे, इथे दाखले नाहीत, इथे खुणांचा अभ्यास आहे, दर शनिवारी, मोफत. पोस्टरवर जे लिहिलं होतं तेच त्यांनी तोंडाने सांगितलं, फक्त चौसष्ट माणसांचा दिवस बुडवून.

मग जे व्हायचं ते झालं. बांधलेलं पेन हातोहात फिरलं आणि नावांवर काट मारून माणसं झेरॉक्स उचलून निघाली. कोणी सरांना काय काय म्हणालं ते इथे सांगण्यासारखं नाही. पाच मिनिटांत कागदावर एकच सही उरली. ती शेवटच्या बाकावरच्या आजोबांची होती आणि ते झोपले होते.

सरांनी मोठ्या आशेने जिन्यातल्या मंडळींकडे पाहिलं. काकू होत्या, टेम्पोवाला होता, मागेपुढे मिळून पंधरा-सोळाजण अजून अंगठ्यावर वाद घालत होते.

"तुम्ही तरी करा सही," सर म्हणाले. "तुम्हाला आवडलं ना?"

"आवडलं म्हणजे काय, फारच आवडलं," काकू म्हणाल्या. "पण आमचं ऐकून झालं की. आता पुन्हा कशाला?"

टेम्पोवाल्याने मान डोलावली आणि जाता जाता सरांना अंगठा दाखवला.

खोली टायपिंगच्या क्लासला गेली. खुणासर रविवारपर्यंत घराबाहेर पडले नाहीत. सोमवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून निघाले आणि तळमजल्यावरच्या दाखल्याच्या रांगेत जाऊन उभे राहिले. यंत्र दुरुस्त झालं होतं, रांग झकास लांब होती आणि नंबर जाईल या भीतीने एकही विद्यार्थी उठून जात नव्हता. असा वर्ग त्यांना सव्वीस वर्षांत मिळाला नव्हता. तेव्हापासून ते आठवड्यातून दोनदा जातात.

अडचण एवढीच की शिकवता शिकवता खिडकी येते. आतली बाई विचारते, "तुमचं काय?" आणि मागे चाळीस माणसं खोळंबलेली असताना काहीतरी मागावंच लागतं. त्यामुळे आज घरातल्या खणात खुणासरांच्या रहिवासाचे एकोणीस दाखले आहेत.

"अहो, तुम्ही इथेच राहता," एकोणिसावा दाखला आला तेव्हा बायको म्हणाली, "यात मला कधीच शंका नव्हती."