उड्डाण अद्याप चालू आहे

गवत गुडघाभर वाढलं होतं.

'उतरणे' या शब्दाची व्याख्या नियमावलीत पान चौदावर आहे.

आईचा फोन दोनदा वाजून बंद पडला.

एक पाय गवतात, एक पाय आभाळाकडे.

नोंदणी कारकुनाने पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं.

हे सगळं एकाच मंगळवारचं. सकाळी दहाच्या सुमारास प्रशिक्षण संस्थेचं दोन आसनांचं हेलिकॉप्टर मैदानावरून चार फूट वर गेलं, खाली येताना त्याचा उजवा पाय गवतात अडकला आणि ते कुशीवर आडवं झालं. पात्यांचे तुकडे कुंपणापलीकडे गेले. आत एकटीच असलेली शिकाऊ मुलगी पट्टा सोडवून, उजवा हात डाव्या हाताने सावरत, चालत कचेरीत आली. खांद्याचं हाड मोडलं होतं. तिला दोनच गोष्टी हव्या होत्या: डॉक्टर, आणि उतरवायचं कसं ते शिकवणारं कुणीतरी.

"अपघाताची नोंद करायचीय," ती म्हणाली.

"करू की," कारकून म्हणाला. "पण तो अर्ज उड्डाण संपल्यावर भरतात. उतरलात का तुम्ही?"

"पडले."

"पडणं वेगळं, ताई. दोन्ही पाय जमिनीला टेकले की उतरणं. यंत्राचा एक पाय अजून वर आहे."

"मग सरळ करा ना ते!"

"अपघातातल्या यंत्राला चौकशीआधी हात लावता येत नाही."

"मग चौकशी करा."

"अपघाताची नोंदच नाही, तर चौकशी कशाची करू? तुम्हीच सांगा." आणि त्याने नोंदवहीत तिच्या नावापुढच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं: हवेत.

संस्थेचे डॉक्टर कनवाळू गृहस्थ होते. त्यांनी आधी वही पाहिली, मग खांदा पाहायचा टाळला. "हवेतल्या माणसाला तपासायची मला परवानगी नाही," ते हळहळले. "उतरलीस की तडक माझ्याकडे ये हं, बाळ."

ती बाकावर बसून उडत राहिली. दुपारी आईचा फोन लागला.

"अगं, तुझ्या संस्थेतून कळलं, सकाळपासून वर आहेस म्हणे. अंगात काही जाड घातलंयस ना?"

"आई, मी कचेरीत बाकावर बसलेय. हात मोडलाय माझा."

"बाकावर की वर? एक काहीतरी सांग बाई. मी शेजारच्या काकूंना सांगून मोकळी झालेय."

बुधवारी दुपारी प्रशिक्षक आले ते तोंडभर हसतच. "सत्तावीस तास! माझ्या हाताखालचं एकही पोर सलग इतकं उडालेलं नाही."

"सर, टाकीत दोन तासांचंच इंधन होतं."

"आणि आता?"

"गळून गेलं. रिकामी आहे."

"बघ! उडाल्याशिवाय टाकी रिकामी होते का कधी?" त्यांनी तिची पाठ थोपटली. नेमकी उजव्या बाजूची.

गुरुवारी कचेरी उघडली तेव्हा परवान्याला लागणारे चाळीस तास केव्हाच भरले होते. कारकुनाने तिच्यासमोर कोरा करकरीत परवाना ठेवला.

"मला उतरवता येत नाही," ती म्हणाली. हे ती तीन दिवसांत सोळाव्यांदा सांगत होती.

"हा उडवण्याचा परवाना आहे. आणि यात तुमचीच सोय आहे, ताई. शिकाऊ माणूस उतरला की नाही, ते यंत्राच्या पायांवरून ठरतं. परवानाधारकाचं त्याच्या सहीवरून. करा इथे सही, की डॉक्टर मोकळे."

"इथे 'सुखरूप उतरले' लिहिलंय."

"माझ्यासमोर उभ्या आहात. आणखी किती सुखरूप हवंय?"

तिने खिडकीतून मैदानाकडे पाहिलं. हेलिकॉप्टर होतं तसंच पडलं होतं. मग खांद्यातून अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिने डाव्या हाताने सही केली.

उड्डाण सुखरूप संपलं, त्याअर्थी अपघात झाला नव्हता. अपघात झाला नव्हता, त्याअर्थी मैदानात काही पडलेलं नव्हतं. माळ्याला मात्र जे नाही त्याच्या कडेकडेने गवत कापण्याची लेखी सूचना गेली. डॉक्टरांनी प्लॅस्टर घातलं आणि कारण लिहिलं: जिन्यावरून पडून. संस्थेची इमारत बैठी आहे.

आता ती प्रवासी नेते. तक्रार एकही नाही. चढण्याआधी प्रत्येक प्रवाशाला एक कागद देतात. त्याच्या तिसऱ्या ओळीत छापलेलं आहे: 'वैमानिकाला यंत्र उतरवता येतं, याची मी स्वतः खात्री करून घेतली आहे.' कागद पुढे करून ती दर वेळी क्षणभर थांबते. कुणीतरी विचारेल म्हणून. विचारलं तर ती खरं सांगणार आहे. गेल्या महिन्यात तुम्ही, खिडकीजवळची जागा मिळेल का, एवढंच विचारलंत आणि सही केलीत.

उतरवण्याचा धडा त्या मंगळवारच्या आदल्या दिवशी, सोमवारी होता. प्रशिक्षक रजेवर होते.