आठ फुटांचं राज्य

परसात एक खोली बांधावी, एवढंच प्राणेशनं ठरवलं होतं. माणूस पुण्याहून एम. ए. होऊन तंजावरला परततो, तेव्हा त्याच्या हातून याहून मोठे अनर्थ घडू शकतात. त्या मानानं खोली म्हणजे काहीच नाही, असं त्याच्या वडिलांनाही पहिल्या दिवशी वाटलं. (पहिल्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी त्यांनी 'केवढी?' असं विचारलं.)

खोली हवी होती मराठी शिकवायला. घरात, गल्लीत, देवळात सगळे मराठी बोलत, पण ती वाचता येणारं माणूस शोधून सापडत नव्हतं. मुलं शाळेत तमिळ लिहीत, मोठी माणसं कचेरीत इंग्रजी लिहीत, आणि मराठी नुसती तोंडानं, सांबाराबरोबर चाले. प्राणेश पुण्यात पाच वर्षं राहिला होता. तिथं न्हाव्याच्या दुकानावरची पाटीसुद्धा देवनागरीत होती. परत आल्यापासून त्याला त्या पाटीची आठवण येई. रात्री ट्रंक उघडून तो पुस्तकांना गुंडाळलेली पुण्याची जुनी वर्तमानपत्रं वाचत बसे. पुस्तकं नव्हे, वर्तमानपत्रं. त्यात 'दूध घालणारा पाहिजे' अशी एक जाहिरात होती. ती वाचताना त्याचे डोळे भरून येत.

"आपली भाषा आपल्याला वाचता येऊ नये?" तो जेवताना म्हणे.

"किती शुद्ध बोलतो पाहा," आई चंद्रमतीबाई कौतुकानं म्हणत. "अगदी पुस्तकाप्रमाणें. थोडा रसम घे."

ही झाली ध्येयाची बाजू. आता दुसरी.

गेल्या पावसाळ्यात प्राणेशच्या आणि शेजारच्या रघुपतीरावांच्या परसांमधली भिंत कोसळली होती. भिंत पडल्यामुळे रघुपतीरावांची विहीर इकडून दिसू लागली, आणि विहिरीवर सकाळ-संध्याकाळ पाणी ओढायला येणारी त्यांची मुलगी कनकलताही. एकदा तिनं पोहरा कठड्यावर ठेवून विचारलं होतं, "पुण्यांत मुली सायकलवर बसून कॉलेजला जातात म्हणें. खरें कां?"

"खरं," प्राणेश म्हणाला.

"पडत नाहींत?"

"क्वचित."

ती हसली आणि पाणी घेऊन गेली. एवढंच संभाषण. पण प्राणेशनं ते इतक्या वेळा मनात घोळवलं, की त्याचं एक छोटं पुस्तक झालं असतं. तिला शिकवायचं तर आपल्या ओसरीवर कसं बोलवायचं? तिथं वडील, अप्पा, आरामखुर्चीत पाय पसरून पडलेले असत. परसातल्या खोलीत मात्र, चार मुलं, दोन बायका यांच्याबरोबर, तिला येता आलं असतं. कोणी नावं ठेवायचं कारण नाही. भिंत नाहीच, त्यामुळे रस्त्यावरूनही यायला नको.

अडचण एवढीच, की त्या पडलेल्या भिंतीच्या विटांचा ढीग परसात होता, आणि श्रीनिवासरावांना, म्हणजे अप्पांना, त्यांची पुन्हा भिंत बांधायची होती.

"खोली बांध," ते म्हणाले. "पण याच विटांत. ढिगाबाहेरची एक वीट मी विकत आणणार नाहीं. आणि उरतील त्यांची भिंत."

म्हणजे खोली जेवढी लहान, तेवढी भिंत मोठी. प्राणेशनं तो संपूर्ण दिवस विटांच्या ढिगाभोवती फिरत काढला. खोली अशी हवी, की एक वीट उरता कामा नये.

"बारा बाय बारा," त्यानं संध्याकाळी जाहीर केलं. "गावात मराठी माणसं पुष्कळ आहेत."

रामस्वामी मेस्त्री ढिगावर बसून विडा लावत होता. खोलीचा आकार ठरवायचं शास्त्र त्या बाजूला लहान मुलालाही ठाऊक असतं: प्रत्येक फुटाला एक फळ. काही फूट लाभतात, काही घर बुडवतात. मेस्त्रीनं बारा ऐकून विडा खाली ठेवला. पण त्याच्याआधी आईच बोलल्या.

"बारा नको रे. बारांत असलेलें जातें."

"आई, फुटांना काय कळतं?"

"फुटांना कळत नाहीं, म्हणून तर शास्त्र आहे. सात दारिद्र्य. नऊ पीडा. आठ घे. आठांत राज्य."

"कसलं राज्य?"

"आपलें तंजावरचें गेलें तें," आई अगदी सहज म्हणाल्या, शेजारणीकडे गेलेली किसणी परत मागावी तशा. "तें कां गेलें, वाटतें तुज? कोणी तरी नऊ फुटांची खोली बांधली असेल."

अप्पांना राज्याची घाई नव्हती, पण आठ फूट ऐकून त्यांचा चेहरा उजळला. "आठच बरें," ते म्हणाले. "उरलेल्यांत कमरेएवढी भिंत सहज होईल. कमरेएवढी म्हणजे माझ्या. म्हणजे तुझ्या छातीएवढी."

प्राणेश बुद्धिवादी होता. पुण्याला त्यानं अंधश्रद्धेवर भाषण करून एक कप मिळवला होता. तो आईला दोन तास समजावू शकला असता. पण त्याच क्षणी पलीकडे रहाट वाजला, आणि त्याच्या मनात एक विचार आला. तो सर्वस्वी बुद्धीतून आलेला नव्हता.

"आठ तर आठ," तो म्हणाला. "फक्त आत पुस्तकांची कपाटं विटांची करू. लाकडाला वाळवी लागते."

"कपाट विटांचें?" अप्पा म्हणाले.

"पुण्यात अशीच असतात," प्राणेशनं ठोकून दिलं.

आईंनी मेस्त्रीला विचारलं, की कपाटांमुळे आठाचे फूट कमी होतात का. मेस्त्री प्रत्येकाशी सहमत होऊन घरं बांधणारा माणूस होता. तो म्हणाला, भिंतीपासून भिंतीपर्यंत आठ असले म्हणजे झालं. मध्ये काय ठेवायचं ते शास्त्र विचारत नाही.

काम सुरू झालं. प्राणेश रोज ढिगाकडे पाही आणि रोज कपाट थोडं वाढवी. आधी डावीकडे एक. मग उजवीकडे एक, शोभेसाठी. मग दोन्ही छतापर्यंत. मग मराठी पुस्तकं जाड असतात म्हणून दोन्ही खोल. शेवटची वीट लागली, तेव्हा खोली आठ फुटांचीच होती, पण तिच्या पोटात दोन्ही बाजूंनी एवढी कपाटं होती, की मध्ये उरली एक बोळ. त्या बोळीत प्राणेश कमरेवर हात ठेवून उभा राहिला, तर दोन्हीकडे कपाटाला कोपर लागत. त्या कपाटांत त्याच्या दोन ट्रंकांतली सगळी पुस्तकं मांडून झाल्यावर दीड खण भरला.

"मुलें कुठें बसणार?" अप्पांनी विचारलं.

"एकामागे एक," प्राणेश म्हणाला.

अप्पांनी ढिगाच्या जागी उरलेल्या लाल मातीकडे पाहिलं, मग भिंत नव्हती तिकडे पाहिलं, मग मुलाकडे. सगळं नोंदवून घेतल्यासारखी मान हलवली. तहसील कचेरीत तीस वर्षं काढलेला माणूस होता.

आता वास्तू. आईंचं म्हणणं, ज्या खोलीत राज्य यायचं, तिच्यात माणसं बसायला लागण्याआधी गाय गेली पाहिजे, तीही वासरासकट. गाय होती रघुपतीरावांकडे. तुंगा नावाची, मोठी थोरली, शांत. प्राणेशनं या रूढीला मुळीच विरोध केला नाही. गाय येणार म्हणजे गायीबरोबर कोण येणार, हे त्यानं आधीच हेरलं होतं.

आणि आली ती. हिरवं लुगडं, हातात दोर, मागे वासरू. तिच्यामागून रघुपतीराव. ते पापनाशमला स्टेशनमास्तर होते, आणि निवृत्त झाल्यापासून रोज कोणाला तरी ते स्टेशन सांगत. दाराला तोरण होतं. आईंनी तुंगेला कुंकू लावलं. वासरू आधी टुणकन आत गेलं आणि पार टोकाला जाऊन उभं राहिलं. तुंगा त्याच्यामागे गेली, दोन्ही कपाटांना पोट घासत.

मग सगळे वाट पाहत राहिले.

"आतां बाहेर यावी," पूजेला बोलावलेले गुरुजी म्हणाले.

तुंगेचंही तेच मत असावं. तिनं मान डावीकडे वळवली. तिथं कपाट होतं. उजवीकडे वळवली; तिथंही. मागे सरकायचं तिला कोणी शिकवलं नव्हतं. पेंढा दाखवला, पण पेंढा तिच्या शेपटीच्या बाजूला होता. रघुपतीराव म्हणाले, पापनाशमला एकदा मालगाडी अशीच अडकली होती. पुढं काय केलं, हे त्यांना आठवेना.

"वासरूं भेदरलें," कनकलता म्हणाली. "मी जातें आंत."

ती पदर खोचून तुंगेच्या आणि उजव्या कपाटाच्या मधून अंग चोरत गेली आणि टोकाला, खिडकीशी, वासराला धरून उभी राहिली. प्राणेश धावत खोलीला वळसा घालून बाहेरून खिडकीपाशी पोचला. गज होते, पण वीतभर अंतरावर ती होती, तिच्यामागे गाय, आणि गायीमागे सगळं जग. पुढच्या दाराशी मोठी माणसं गाय काढायच्या युक्त्यांवर वाद घालत होती. हा वाद लवकर संपू नये, असं प्राणेशला मनापासून वाटलं.

"हीच कां तुमची पुस्तकें?" तिनं विचारलं.

"हो."

तिनं एक काढलं, उलटं धरलं, मग चित्र दिसल्यावर सुलटं केलं. "हें अक्षर कोणतें?"

"क," प्राणेश म्हणाला. "कनकलतेतला."

तिनं चुन्याच्या ओल्या भिंतीवर बोटानं क काढला. पहिल्याच खेपेला बरोबर आला. "आणि हें?"

"न."

तोही काढला. तुंगेनं तिच्या खांद्यावर हनुवटी टेकवली. "मज पुणें बघायचें आहे," कनकलता भिंतीकडे बघत म्हणाली. "सायकल नको. नुसतें बघायचें."

प्राणेशला खूप बोलायचं होतं. पुण्यात असताना आपल्याला कावेरीची आठवण येई, आणि इथं आल्यावर मुठेची येते. आपलं माणूस कुठल्या तरी एका काठावर भेटावं, एवढंच आपल्याला हवं आहे, हे सगळं त्याच्या ओठांवर आलं. तो म्हणाला, "पुण्यात थंडी असते."

तेवढ्यात धाडकन आवाज झाला. रामस्वामी मेस्त्रीनं डावं कपाट पाडायला सुरुवात केली होती.

पुस्तकं बाहेर आली, मग विटा आल्या. बोळीची खोली झाली. तुंगा सावकाश वळली. दाराकडे तोंड केलं. सगळ्यांनी वाट करून दिली. तिनं बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं, आतल्या गारव्याचा विचार केला, आणि खाली बसली. वासरू तिला टेकून बसलं. कनकलता तिला ओलांडून बाहेर आली, पदर झटकला आणि घरी गेली, कारण चुलीवर भात होता.

"बसली," आई हात जोडून म्हणाल्या. "लक्ष्मी बसली. तिला उठवूं नका कोणी."

गाय रात्रभर तिथंच राहिली, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या गोठ्यात जायचं नाव काढीना. अप्पांनी पाडलेल्या कपाटाच्या विटा निवांतपणे मोजायला घेतल्या. "कमरेएवढी होते," ते म्हणाले.

प्राणेश झटकन त्या विटांवर जाऊन बसला.

"भिंत कशी घालतां?" पलीकडून रघुपतीराव म्हणाले. "गाय तुमच्याकडे, आम्ही इकडे. दूध काढायला रोज दोन वेळा गल्लीला वळसा घालून यायचें कां? भिंत नको, श्रीनिवासराव. गाय राहूं दे, वाट राहूं दे."

अप्पांनी वीट खाली ठेवली. प्राणेशनं ध्येयाचा अर्धं मिनिट विचार केला आणि खोली गायीला देऊन टाकली. मराठी काय, झाडाखालीही शिकवता येईल. पण कनकलता रोज दोन वेळा दूध काढायला येणार म्हणजे रोज दोन वेळा. त्यात क आणि न झाले होते, अजून सबंध वर्णमाला बाकी होती.

तिसऱ्या दिवशी पहाटे तो आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून, पाटी-पेन्सिल घेऊन दारात उभा राहिला. पलीकडे कासंडीचा आवाज झाला. पावलं वाजली. प्राणेशनं केसांवरून हात फिरवला.

रघुपतीराव आले. दूध काढून झाल्यावर त्यांनी कासंडी बाजूला ठेवली, पाटी प्राणेशच्या हातून घेतली आणि मांडी घालून बसले.

"कनका म्हणाली, तूं छान शिकवतोस," ते म्हणाले. "म्हणून रोज मलाच पाठवणार आहे. तेवढीच दोन तास घरांत शांतता, म्हणें. हां, तर पापनाशमला आमच्याकडे पाटी होती, तिच्यावरचें पहिलें अक्षर..."