पेशीपटलातली सोफ्याची उशी

शाळेच्या विज्ञान-नाटकात धाकट्या जावेच्या मुलीला दाराचं काम मिळालं आणि आपल्या लेकीला भिंतीचं, हे कळल्यापासून मोठ्या जाऊबाईंच्या घशाखाली घास उतरेना. त्यांनी थेट विज्ञानाच्या बाईंना फोन लावला.

"भिंत नाही हो, पेशीपटल," बाई म्हणाल्या. "पेशीचं आवरण. मुली म्हणजे मेदाचे रेणू. पांढरी टोपी हे डोकं, ते पाण्याच्या बाजूला. पाठीवरच्या दोन फिती या शेपट्या, त्यांना पाणी सोसत नाही. म्हणून दोन रांगा, पाठीला पाठ लावून."

"आणि बोलायचं काय?"

"काही नाही. खेटून उभं राहायचं. तेच महत्त्वाचं."

"आणि आमची पुतणी?"

"ती प्रथिन. मिठाला आत घेणारं दार. सोनेरी झगा आहे तिला, दीड पान संवादही."

संध्याकाळी स्वयंपाकघरात पुतणी ओट्याला टेकून गरजत होती, "थांब! कोण तू? आत तुझं काय काम?" सासूबाई कौतुकानं भाजी निवडायच्या थांबल्या. "काय खणखणीत आवाज! आणि तू गं काय म्हणतेस?"

"मी खेटते," लेक म्हणाली.

धाकटी हसली. हसणं अगदी साधं होतं, पण मोठीच्या जिव्हारी लागलं. लेकीला संवाद नसेल तर नसो. ती सभागृहाच्या शेवटच्या रांगेतूनही दिसलीच पाहिजे.

"सोफ्याची उशी कुठं गेली?" नाटकाच्या सकाळी नवऱ्यानं विचारलं.

"तुमच्या लेकीच्या डोक्यात."

"आणि दुसरी?"

"तीही. एकीनं गोलाई येत नव्हती."

पडदा वर गेला. इतर मुलींच्या डोक्यांवर वाटीएवढ्या टोप्या होत्या, आणि मधोमध हा पांढराशुभ्र भोपळा. सासूबाईंनी चष्मा पुसला. "अगंबाई, ही आपलीच की!" मोठीला गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला.

पण भोपळ्यामुळे शेजारच्या मुलींना खेटता येईना. त्या सरकल्या आणि डोक्याखाली दोन्ही बाजूंना ऐसपैस फटी पडल्या. दारापाशी पुतणी हात आडवा धरून उभी राहिली. मीठ झालेली मुलं धावत आली. एकाला फट दिसली. दारातल्या चौकशीपेक्षा ती सोयीची वाटून तो वाकून आत शिरला आणि त्याच्यामागे सगळं मीठ गेलं.

"थांब! कोण तू?" पुतणीनं विचारलं. समोर कुणी नव्हतं.

पाणी झालेल्या मुलांना बाईंनी एकच गोष्ट घोकून घेतली होती: मीठ जास्त तिकडे जायचं. मुलं आज्ञाधारक. तीही फटीतून आत घुसली. आत पाय ठेवायला जागा उरेना, ढकलाढकली सुरू झाली, दोन्ही रांगा फुगल्या आणि पेशीपटल धाडकन स्टेजवर आडवं झालं. वर उशीचा कापूस उडाला.

"अशा रीतीनं," बाई घाम पुसत माईकवर म्हणाल्या, "आवरण फाटलं की पेशी फुटते."

टाळ्यांचा कडकडाट झाला. धाकटीनं डोळ्यांना पदर लावला. तिच्या लेकीच्या दीड पानातली एकच ओळ तोंडून निघाली होती. आणि मोठी, वरवर हळहळत, आतून गारेगार झाली.

पाहुण्या म्हणून आलेल्या डॉक्टरीणबाई बक्षीस द्यायला उठल्या. "अख्खी पेशी कोसळली," त्या म्हणाल्या, "पण एक प्रथिन हात आडवा धरून जागेवरून हललं नाही. उत्कृष्ट अभिनयाचं बक्षीस त्या दाराला!"

सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या त्या कापसानं माखलेल्या लेकीनं.

धाकटी धावत आली आणि मोठीच्या गळ्यातच पडली. "ताई, तुमच्या त्या टोपीमुळे झालं हो सगळं! नाहीतर माझी पोरगी कुणाच्या लक्षात आली असती? पुढच्या वर्षी दोघींचे पोशाख तुम्हीच शिवायचे."

मोठीनं धाकटीच्या पाठीवरून हात फिरवत, अगदी मायेनं विचारलं,

"तुझ्या लेकीचं माप कधी घेऊ?"