अठ्ठेचाळिसावा आकडा

नवरात्राआधी आमच्याकडे सगळं घर धुऊनपुसून निघतं, मग कॉम्प्युटरनेच काय पाप केलंय, असं मला वाटलं आणि मी तो वांकानेरच्या बाजारात साफ करायला दिला. दुरुस्तीवाल्या हितुभाईने धूळ काढता काढता आतला एक भागही बदलला. घरी आणून सुरू केला, तर नवा भाग बघून कॉम्प्युटर अडला; म्हणे, आधी चावी सांगा.

चावी म्हणजे अठ्ठेचाळीस आकडे. कॉम्प्युटर आणला त्या दिवशी नात ध्रुवीने ते मला सांगितले आणि मी देवघराच्या दारावर आतून कुंकवाने लिहिले. (शाळेत मी गेलो नाही, पण तेलगिरणीत चाळीस वर्षं शेंगांची पोती मोजली. आकड्यांत मला कोणी शिकवू नये.)

एका बोटाने सगळे दाबले. चावी चुकीची. पुन्हा दाबले. चुकीची.

बायको, कंचन, मागे उभी. तिच्या आईचे गरबे, आईच्याच आवाजातले, फक्त या डब्यात होते. सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली. उद्या घट बसणार, आणि गल्लीतल्या बायकांना ते ऐकवायचं तिने कबूल केलेलं.

"ध्रुवीला विचारू का?"

"कशाला? डबा खोटं बोलतोय. मी नाही."

सहाव्या वेळी तिने विचारलंच नाही, सरळ फोन लावला. ध्रुवी सुरतेला हॉस्टेलात. तिने आपला कागद काढला आणि माझ्याकडून एकेक आकडा वाचून घेतला.

"शेवटचा, दादाजी?"

"एक."

"माझ्याकडे शून्य आहे."

"असणारच. तू शून्यच सांगितलं होतंस."

"मग एक कुठून आला?"

"अगं, अहेराच्या पाकिटातसुद्धा आपण शून्यावर थांबत नाही, वर एक ठेवतो. देवाच्या दारावर शून्याने शेवट करू?"

"ती चावी आहे दादाजी, अहेर नाही. शून्य दाबा."

"माझ्या हातून व्हायचं नाही. घट बसायच्या आदल्या दिवशी तर नाहीच."

मी सत्तेचाळीस आकडे दाबले आणि बोट मागे घेतलं. कंचनने माझ्या खांद्यावरून हात घातला आणि शून्य दाबलं. डबा उघडला. (दारावरचा एक मी अजून पुसलेला नाही. पुसणारही नाही.)

तिने पहिलाच गरबा लावला. आधी खाकरणं ऐकू आलं, मग सासूबाई: "चालू झालं का गं? आणि हे बघ कंचन, जावईबापूंना याला हात लावू देऊ नकोस."

कंचनने पदर तोंडाला लावला. हसत होती की रडत होती, कळलं नाही. मी उलट उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि मिटलं. सासूबाई होत्या तेव्हाही त्यांच्यापुढे मला कधी बोलता आलं नव्हतं.