कानाच्या चौकीवर पाठविलेले नाव

निजवणारा आणि जागवणारा जो कोणी असेल त्यास नमन करून लिहितो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, माघ वद्य चतुर्थी, प्रातःकाळी इस्पितळातून वर्तमान आले की राणीसाहेब गेल्या. राणीसाहेब म्हणजे आमचे कुटुंब, आणि त्यांचे मस्तक हेच राज्य. सजवून लिहिता येत नाही, जैसे घडले तैसे लिहितो.

राणीसाहेबांच्या हृदयाची झडप बिघडली आणि मग शस्त्रक्रिया ठरली. भूल देण्यास डॉक्टर सबनीसबाई आल्या आणि रीतीप्रमाणे पुसत्या झाल्या, "नाव सांगा." राणीसाहेब बोलल्या, "कोणतं? आईबापांनी ठेवलेलं कालिंदी, की लग्नात यांनी तांदळात लिहिलेलं सुलभा?" बाई म्हणाल्या, "कागदावरचं." आम्ही हसलो. राणीसाहेब म्हणाल्या, "हसा. चाळीस वर्षं ते पहिलं नाव परत मागतेय. असो, आज दिवसाढवळ्या झोपते, चहा तुमचा तुम्ही करा." मग दुधासारखे औषध शिरेतून राज्यात शिरले आणि दहा अंक मोजावयाच्या आत दरबार उठला.

शस्त्रक्रिया पार पडली, परंतु श्वास आपला आपण चालेना, म्हणून यंत्र लाविले आणि औषध चालू ठेविले. आम्ही पुसले, "राज्य ओस पडले काय?" बाई वदल्या, "नाही हो काका. प्रत्येक ठाणं जागेवर आहे. ठाण्याठाण्यांतली डाक बंद आहे. एरवी हजार नगारे वेगवेगळे वाजतात, आता सगळे एकाच संथ ठेक्यात वाजताहेत." "आणि आमचे बोलणे?" "कानाच्या चौकीपर्यंत जातं. पुढे नेणारा जासूद नाही."

हे ऐकून मोठे नवल वाटले. मग रोज सकाळी औषध कमी करीत आणि हाक मारीत, "सुलभाबाई, बोट दाबा." दोन दिवस काही नाही. तिसरे दिवशी आम्ही कानाशी वाकलो आणि म्हटले, "कालिंदी. घे तुझं नाव." आणि नाडी बहात्तर होती ती शहाण्णव झाली. बाईंस पुसले, "दरबारात पोहोचले?" बाई म्हणाल्या, "नाडी नुसत्या चौकीवरूनही हलते. बोट दाबलं असतं तर हो म्हटलं असतं. उद्या औषध आणखी उतरवू, मग पुन्हा विचारा." ते उद्या उजाडण्याआधी हृदय थांबले.

एवंच, राज्य गेले, चौक्या उठल्या. नाव पोहोचले किंवा न पोहोचले, हे सबनीसबाईंस ठाऊक नाही आणि आम्हांसही नाही. तेराव्याच्या पत्रिकेचा मजकूर लिहून झाला आहे. नाव घालणे राहिले आहे.